वगाचा शेवट तबकडीच्या कडेला

डीव्हीडीवरचे चित्रण दुसऱ्या स्वरूपात उतरवून घेण्यासाठी संगणकावरची आज्ञावली कशी जुळवावी, हा विषय मराठीच्या अध्यापकांनी लिहिण्याजोगा आहे का, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. गेली दोन वर्षे आम्ही दोघे मोकळ्या तासांना आणि सुट्ट्यांत हेच काम करीत आहोत. यातला अर्धा भाग यंत्राचा असला तरी उरलेला अर्धा पाठचिकित्सेचा आहे, असे आमचे मत झाले आहे; म्हणून तो मराठीच्या विद्यार्थ्यांपुढे मांडणे गैर होणार नाही.

आमच्या विभागाच्या कपाटात एकसष्ट तबकड्या आहेत. साधारण 2004 ते 2012 या काळात आजूबाजूच्या गावांच्या यात्रांत झालेल्या तमाशांची ही चित्रणे. काही एका निवृत्त सहकाऱ्यांनी जमवलेली, काही यात्रा कमिटीच्या लोकांनी दिलेली, आणि दोन-चार वृद्ध कलावंतांच्या मुलाखतींची. त्या पाहायला आता यंत्र उरलेले नाही. महाविद्यालयातल्या नव्या संगणकांना तबकडीचा कप्पाच नसतो, विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपला तर नाहीच नाही. वर्गात 'बतावणी' शिकवताना आम्ही तिची व्याख्या सांगतो, पाठ्यपुस्तकातले चार ओळींचे उदाहरण वाचतो, आणि प्रत्यक्ष बतावणी मात्र मागच्या कपाटात बंद असते.

आळेफाट्यावर हे काम व्हावे याला कारण आहे. पुणे-नाशिक रस्ता आणि कल्याणहून माळशेज घाट चढून अहिल्यानगरकडे जाणारा रस्ता जिथे एकमेकांना छेदतात, तिथे हा फाटा वसलेला. कांद्याचे ट्रक, एसटीची गर्दी, रात्रभर उघडी हॉटेले. इथून 15-16 किलोमीटरवर नारायणगाव. चैत्रातल्या यात्रांच्या आधी तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी येऊन सुपारी ठरवतात, आणि एरवी टोमॅटोच्या बाजारासाठी ओळखले जाणारे गाव काही दिवस तमाशाची पंढरी होते. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचा फड इथला. 1957 आणि 1990 असा दोनदा राष्ट्रपतींकडून गौरव झालेल्या विठाबाई इथल्या. 2002 च्या जानेवारीत त्या गेल्या. आमच्या तबकड्या त्यानंतरच्या, म्हणजे त्यांच्या पुढच्या पिढीच्या. आणखी एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. फाट्याला लागूनच आळे गाव आहे, आणि ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले त्या रेड्याची समाधी तिथे आहे. ज्याला वाणी नाही त्याच्याकडून बोलवून घेण्याची परंपरा अशी आमच्या वेशीवरच आहे.

तर तबकड्या. यातली बहुतेक चित्रणे लग्नाचे शूटिंग करणाऱ्यांनी केलेली आहेत. त्यामुळे तबकडी सुरू होताच गुलाबाची फुले उमलतात, कारंजे उडते, यात्रेच्या नावाची अक्षरे गरगर फिरत येतात, आणि मग गण सुरू होतो. अभ्यासकांनी यावर नाके मुरडू नयेत. ज्या काळात विद्यापीठांना या गावांत कॅमेरा घेऊन जावेसे वाटले नाही, त्या काळात ही मंडळी बोर्डाच्या कोपऱ्याला उभी राहून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत चित्रण करीत होती. ध्वनिक्षेपकावर रात्री 10 नंतर बंधन घालणारे नियम 2000 सालचे. त्यांची अंमलबजावणी जसजशी कडक होत गेली तसतसा रात्रभराचा तमाशा आखडत गेला. आखडताना पहिली कात्री लागली ती बतावणीला आणि वगाला. आमच्या कपाटातल्या पहिल्या काही वर्षांच्या तबकड्यांत तमाशाचा जो ऐसपैस विस्तार दिसतो, तो नंतरच्यांत दिसत नाही. संहितेच्या दृष्टीने या पहिल्या तबकड्या म्हणूनच मोलाच्या.

डीव्हीडीची रचना थोडी समजून घ्यावी लागते. आत 'व्हिडिओ टीएस' नावाचा एक फोल्डर असतो, आणि त्यात 'व्हीओबी' या प्रकारच्या फायली. एक फाइल फार तर 1 जीबीची. चित्रण लांबले की ते पुढच्या फाइलीत जाते, आणि हा तुकडा प्रसंग पाहून पडत नाही, आकार पाहून पडतो. सोंगाड्याने मावशीला प्रश्न विचारलेला एका फाइलीत आणि मावशीचे उत्तर दुसरीत, असे सर्रास आढळते. म्हणून फायली सुट्या उचलून त्यांची नावे बदलत बसण्यापेक्षा आधी सबंध तबकडीची एकसंध प्रतिमा करून ठेवावी, आणि पुढचे सगळे त्या प्रतिमेवरून करावे. पोथी हाती आली की तिच्यावर खुणा करत सुटायचे नसते, आधी नक्कल करायची असते, तसेच हे.

इथेच पहिली अडचण येते. घरगुती रीतीने लिहिलेल्या तबकडीत रासायनिक रंगाचा एक थर असतो आणि लेखन त्यावर उमटलेले असते. वर्षे सरतात, ऊन लागते, ओल लागते, तो थर विटतो. शिवाय तबकडी आतून बाहेर लिहिली जाते. मधल्या छिद्राजवळ सुरुवात, बाहेरच्या कडेला शेवट. आणि हाताळणारी बोटे, ओरखडे, कव्हराची घासाघीस हे सगळे आधी कडेला लागते. परिणाम असा की आमच्या एकसष्ट तबकड्यांपैकी जवळजवळ प्रत्येकीत गण शाबूत आहे. गवळणही बहुतेक आहे. जातो तो वगाचा शेवट. राजा ओळखला जाण्याच्या क्षणी, खलनायकाचे पाप उघडे पडण्याच्या क्षणी चित्र चौकोन-चौकोन होऊन थिजते आणि ढोलकीचा एकच ठेका अडकून राहतो.

अशा तबकड्यांसाठी 'डीडीरेस्क्यू' नावाची एक मुक्त आज्ञावली आहे. तिचा स्वभाव आम्हांला आवडला. ती आधी जे सहज वाचता येते ते सगळे वाचून घेते, नडलेल्या जागी हट्ट धरून बसत नाही. कुठे काय राहिले याचा नकाशा एका फाइलीत टिपून ठेवते, आणि मग मागे येऊन एकेका जागेवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. तोच नकाशा घेऊन दुसऱ्या यंत्रात तबकडी घातली तर एका यंत्राला न वाचलेले दुसरे कधी कधी वाचते. आम्ही तीन जुने ड्राइव्ह जमवले आहेत, त्यांतला एक पुण्याच्या जुन्या बाजारातला. एका वगाचे शेवटचे अकरा मिनिटांचे चित्रण तीन यंत्रांनी मिळून दोन रात्रींत वाचले. त्यातले सुमारे चाळीस सेकंद तरीही गेले ते गेलेच. तबकडीवर 2048 बाइटांचा एक कप्पा जरी वाचता आला नाही तरी त्याची झळ पुढच्या दहा-बारा चित्रांना लागू शकते, कारण या पद्धतीत प्रत्येक चित्र स्वतंत्र नसते. एक पूर्ण चित्र आणि त्यानंतरच्या चित्रांतला केवळ फरक, अशी ती साठवण असते.

प्रतिमा झाली की मग रूपांतर. त्यासाठी आम्ही 'हँडब्रेक' वापरतो. 2003 पासून असलेली ही आज्ञावली मुक्त आहे, विनामूल्य आहे. बाजारातल्या चित्रपटांच्या डीव्हीडींना जे कुलूप असते ते ती स्वतः उघडत नाही. पण गावच्या शूटिंगवाल्याच्या तबकडीला कुलूप कसले? 1999 साली त्या कुलपाची किल्ली जगजाहीर झाली, नॉर्वेतल्या एका तरुणावर त्यापायी खटला झाला आणि तो निर्दोष सुटला, तो इतिहास रंजक आहे, पण आमच्या कपाटाशी त्याचा संबंध नाही.

हँडब्रेक उघडल्यावर त्यात आधीच एक तयार जुळणी निवडलेली असते. ती ज्याने केली त्याच्या डोळ्यांसमोर तमाशा नव्हता, हे उघडच आहे. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याने चित्रण सेकंदाला 25 पूर्ण चित्रांनी होत नसे. 50 अर्ध्या चित्रांनी होई. आधी सम ओळी, मग विषम ओळी, अशी ती चित्रे एकमेकांत विणलेली असतात. जुन्या दूरचित्रवाणी संचावर हे विणकाम डोळ्यांना जाणवत नसे. संगणकाच्या पडद्यावर मात्र स्थिर वस्तू ठीक दिसतात आणि हलणाऱ्या वस्तूंच्या कडा फणीच्या दातांसारख्या फाटतात. आता तमाशात हलते काय? लावणीतले हात, घुंगरांचे पाय, ढोलकीवरची बोटे. म्हणजे नेमके जे पाहायचे तेच फाटते. तयार जुळणी ही फणी जिथे दिसेल तिथे दोन अर्ध्यांचे मिळून एकच चित्र करते. दात जातात, पण सेकंदाच्या पन्नास क्षणांपैकी पंचवीसच उरतात. ढोलकीपटूने एका मात्रेत बोटांनी जे केले त्याचा निम्मा भाग गेला. आम्ही म्हणून 'डीइंटरलेस'च्या रकान्यात 'बीडब्ल्यूडीआयएफ' आणि त्यातला 'बॉब' हा पर्याय घेतो. त्यात प्रत्येक अर्ध्या चित्राचे एक पूर्ण चित्र होते. मात्र एवढ्याने भागत नाही. तयार जुळणीत चित्रांच्या गतीवर सेकंदाला 30 ची मर्यादा असते, तिथे 50 निवडावे लागतात. हा एक आकडा राहिला तर वरचे सगळे फुकट.

चित्राची चौकट हाही असाच एक प्रश्न. डीव्हीडीवरच्या चित्रात 720 स्तंभ आणि 576 ओळी असतात, पण ते ठिपके चौरस नसतात; दाखवताना चित्र 4 ला 3 या प्रमाणात यायला हवे. ते भान सुटले आणि चित्र रुंद पडद्यावर ताणले गेले की नऊवारीतल्या उंच, शेलाट्या कलावती बुटक्या आणि रुंद दिसू लागतात. लोक त्यांना तशाच पाहतात, आणि हसतात. दुसरे म्हणजे कडेचा काळा भाग आपोआप छाटण्याची सोय. ही आज्ञावली चित्रणातले काही नमुने पाहते आणि कडेला काळोख दिसला की तो टाकाऊ समजते. तमाशाच्या बोर्डावर उजेड मधोमध असतो; बाजूला झीलकरी, तुणतुणेवाला, हलगीवाला अर्ध्या अंधारात उभे असतात. एका तबकडीत या आपोआप छाटणीने सुचवलेली चौकट आम्ही पडताळली, तेव्हा तुणतुणेवाल्याचा खांदा आणि अर्धे तुणतुणे बाहेर जात होते. छाटणी शून्यावर ठेवायची, हा आमचा नियम.

चित्रातली खरखर घालवणारी गाळणीही आम्ही वापरत नाही. कमी उजेडात कॅमेऱ्याने ओढूनताणून घेतलेल्या चित्रात ठिपक्यांची गर्दी असते हे खरे. गाळणी लावली की चित्र गुळगुळीत, सुबक होते. आणि कनातीपाशी बसलेल्या मागच्या रांगांतले चेहरे मेणाचे होतात, बोर्डावरून उडणारी धूळ नाहीशी होते. ती धूळ खळ्याची आहे की वावराची, हे आमच्याकडचा माणूस रंगावरून सांगेल. गुणवत्तेचा आकडा आम्ही 18 ठेवतो. हा आकडा जितका लहान तितके चित्र मुळाशी प्रामाणिक आणि फाइल मोठी. या आकाराच्या चित्रासाठी 18 ते 22 असा पल्ला सुचवलेला असतो. आवाजाला हात लावत नाही. हलगी कडाडली की ध्वनी फुटतो, सोंगाड्या माइकपासून दूर गेला की शब्द विरतात, आणि तो सारखा करण्याच्या सोयी असंख्य आहेत. पण सोंगाड्या माइकपासून दूर का गेला? पुढच्या रांगेतल्या कुणाला उद्देशून काहीतरी बोलायला. ते अंतर हाही प्रयोगाचाच भाग आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना आता आम्ही काय म्हणतो ते ध्यानात आले असेल. शके 1506 मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीचे पाठ शुद्ध केले, तेव्हा त्यांच्यापुढे नकलकारांनी तीनशे वर्षांत केलेले फेरफार होते. नकलकार दुष्ट नव्हते. ओळ अडली की ते ती सोपी करीत, छंद लंगडला की सावरून घेत. हँडब्रेकमधल्या गाळण्या हेच करतात. लावणीच्या बाबतीत तर आमचा अनुभव याहून कडू आहे. शाहिरांच्या लावण्या छापल्या गेल्या त्या शब्दांच्या. चाल गेली, ठेका गेला, कुठल्या शब्दावर थांबून श्रोत्यांकडे पाहायचे ते गेले. जात्यावरच्या ओव्यांच्या बाबतीत हेमा राईरकर आणि गी पॉयतव्हाँ यांनी लाखाहून अधिक ओव्या गोळा करताना गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव टिपले, पुढे गळेही ध्वनिमुद्रित झाले. बतावणीला असा कुणी भेटला नाही. बतावणी छापलीच गेली नाही असे नाही, पण ती प्रत्येक गावात बदलते, आणि छापलेली म्हणजे त्यातली एक. आमच्याकडे एकाच फडाची एकाच हंगामातली तीन गावांची बतावणी आहे. कांद्याच्या भावावरचा विनोद एका गावात चार वाक्यांत संपतो. ज्या गावात बाजार समितीचे लोक पुढे बसले होते तिथे तो सात मिनिटे चालतो. पाठभेदाचे याहून चांगले उदाहरण आम्हांला वर्गात देता आलेले नाही.

म्हणून प्रत्येक तबकडीच्या दोन प्रती होतात. एक, पुन्हा न आवळता मूळ प्रवाह जसाच्या तसा ठेवलेली 'एमकेव्ही', सोबत तबकडीची प्रतिमा. ही कुणाला दाखवायची नाही, जपायची. दुसरी, वर दिलेल्या जुळणीने केलेली 'एमपीफोर', वाचनासाठी.

ही दुसरी प्रत कुणाला द्यायची, इथे मात्र आज्ञावलीत उत्तर नाही. महाविद्यालयातल्या एका बैठकीत सूचना आली की सगळे यूट्यूबवर टाकून द्या, महाविद्यालयाचे नाव होईल. एका तबकडीत दिसणाऱ्या कलावती आमच्याच तालुक्यात राहतात. आता सत्तरीकडे झुकलेल्या. आम्ही त्यांना भेटायला गेलो. चहा झाला, लॅपटॉपवर त्यांना गवळण दाखवली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग आमच्यातल्या एकीला म्हणाल्या, "मॅडम, गवळण दावा. वगबी दावा, त्यात म्या राणी हाये. पर लावणी तेवढी तोडून कुणी मोबाईलवर टाकंल. नात कॉलेजात जाती माझी." सरांना मात्र त्यांनी एवढेच विचारले, "ह्ये पुसता येतंय का, सर, माझ्यामागं?"

लावणी तोडून टाकणारे आहेत, हे त्यांना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक. तीन तासांच्या प्रयोगातली तीस सेकंदे कापून, खाली वाटेल तो मथळा घालून फिरवणे हा आज एक धंदाच आहे. कायदा या बाबतीत त्यांच्या बाजूचा आहे, हे फारसे कुणाला माहीत नसते. प्रताधिकाराच्या कायद्यात 1994 च्या दुरुस्तीने प्रयोग सादर करणाऱ्याचा स्वतंत्र हक्क आला. तो आता प्रयोगानंतर 50 वर्षे टिकतो. 2012 च्या दुरुस्तीने त्यात दोन गोष्टींची भर पडली: आपले नाव लावले जावे असे म्हणण्याचा हक्क, आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड रोखण्याचा हक्क. शूटिंगवाल्याने पैसे घेऊन तबकडी विकली म्हणून हे हक्क संपत नाहीत. पण खेड्यातल्या एका बाईंनी न्यायालयात जाऊन ते बजावावेत, अशी अपेक्षा धरणे आम्हांला शक्य नाही.

तेव्हा आम्ही असे ठरवले. कुठलीही फाइल संकेतस्थळावर जाणार नाही. विभागात बसून पाहता येईल, वर्गात दाखवता येईल. प्रयोग तुकड्यांत कापायचा नाही. गण, गवळण, बतावणी, वग अशी प्रकरणे फाइलीच्या आतच खुणावून ठेवायची, म्हणजे हव्या त्या जागी जाता येते पण फाइल एकसंध राहते. हँडब्रेकमध्ये प्रकरणांची नावे देवनागरीत लिहिता येतात. यावर आमच्यात एकमत नाही, हेही सांगायला हवे. आमच्यातल्या एकाचे म्हणणे असे की कपाट बंद ठेवण्याचा हा सभ्य प्रकार झाला. तमाशाला आजवर ज्यांनी हिणवले त्यांनीही असेच 'जपून' ठेवले होते. दुसरीचे म्हणणे, ज्यांचे अंग आणि आवाज त्यात आहे त्या हयात असताना आपण कोण ठरवणार? हा वाद स्टाफरूममध्ये अजून चालू आहे.

बाईंना एक प्रत द्यायची होती. त्यांच्या घरचा टीव्ही पेन ड्राइव्ह वाचतो, पण जुन्या पद्धतीने आखलेला. त्यावर 4 जीबीहून मोठी फाइल बसत नाही. त्यांच्या तबकडीपुरता गुणवत्तेचा आकडा म्हणून 21 केला, फाइल 3 जीबीच्या आत आली. टीव्हीवर लावली तेव्हा घरातले सगळे जमले. त्या पुढे सरसावून बसल्या आणि बोट दाखवून सांगू लागल्या: हा ढोलकीवाला अमक्या गावचा, ही माझी जाऊ, हा सुरत्या पुढच्याच साली गेला, ह्यो पोरगा आता टेंपो चालवतो. तबकडीवर शूटिंगवाल्याचे नाव आणि फोन नंबर होता, यात्रा कमिटीच्या अध्यक्षांचे नाव होते, फडाचे नाव होते. बोर्डावर उभ्या असलेल्या एकवीस जणांपैकी एकाचेही नव्हते. आम्ही दर थोड्या वेळाने चित्र थांबवत होतो आणि वहीत लिहून घेत होतो. सतरा नावे मिळाली. उरलेली चार त्यांच्या धाकट्या दिरांना ठाऊक असतील असे त्या म्हणाल्या; ते फडाबरोबर बाहेर आहेत, चैत्रात राहुटीवर भेटतील.